बॅटरी ‘ओके’ आहे, म्हणजे किती?

किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असावा लागतो आणि तो काटा दर वर्षी नव्याने पडताळून घ्यावा लागतो. पेट्रोल पंपावर ग्राहकाने मागणी केली, तर पाच लिटरचे प्रमाणित माप त्याच्यासमोर भरून दाखवावे लागते. रिक्षाचे भाडे वाढले की मीटर नव्या दराप्रमाणे प्रमाणित करून घ्यावा लागतो. २०२५ च्या फेब्रुवारीत मुंबई महानगर प्रदेशात किमान भाडे २३ वरून २६ रुपये झाले, तेव्हा ठाणे-कल्याणच्या रिक्षाचालकांनाही ते करावे लागले. (शेअर रिक्षात तो मीटर पडतो का, हा वेगळा विषय.) आपण जे मोजून विकत घेतो, त्या मापाला कोणीतरी तिसरा साक्षीदार असावा, हे तत्त्व आपल्या व्यवहारात इतके मुरले आहे की त्याची आठवणही होत नाही.

विजेच्या मोटारीत मात्र हा साक्षीदार नाही. गाडीच्या किमतीचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा बॅटरीचा असतो. ती बॅटरी विकली जाते युनिटवर, म्हणजे किलोवॅट-तासावर. कोणी ३० युनिटची घेतो, कोणी ४५ ची, आणि वरच्या प्रत्येक युनिटासाठी हजारो रुपये मोजतो. ही क्षमता वापराने आणि वयाने कमी होत जाते, हे कंपनीही सांगते आणि ग्राहकालाही ठाऊक असते. पण आज ती किती उरली आहे, हे मोजून लिहून देणारे कोणी नाही. आहे ती वार्षिक सर्व्हिसिंगच्या पावतीवरची एक ओळ : ‘बॅटरी हेल्थ चेक – ओके’.

गेली दोनेक वर्षे मी ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या अशा गाड्यांच्या मालकांशी बोलतो आहे, त्यांच्या पावत्या पाहतो आहे. मी अभियंता नाही. बॅटरीविषयी जे समजले, ते पुस्तिका, मानके आणि मेकॅनिक मंडळींशी झालेल्या बोलण्यातून. हे सर्वेक्षणही नव्हे, त्यामुळे शेकडा इतके समाधानी आणि तितके नाराज, असा निष्कर्ष इथे मिळणार नाही. पण वेगवेगळ्या गाड्यांच्या, वेगवेगळ्या स्वभावाच्या मालकांच्या बोलण्यात एकच कोडे पुन्हा पुन्हा आले : ही वार्षिक तपासणी नक्की कशाची?

तपासणी आणि मोजणी

सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरीचे जे पाहिले जाते, ते महत्त्वाचे असते, हे आधी सांगायला हवे. गाडीच्या संगणकात साठलेले बिघाडाचे कोड वाचले जातात. बॅटरी थंड ठेवणाऱ्या द्रवाची पातळी पाहिली जाते. गाडी वर उचलून बॅटरीच्या पेटीला खालून पोचा पडला आहे का, हे तपासले जाते. आपल्याकडचे खड्डे आणि मनाला येईल तिथे उभारलेले गतिरोधक पाहता ही पाहणी उपचारापुरती समजू नये. चार्जिंगचे तोंड, जाड नारिंगी केबलींचे जोड, सॉफ्टवेअरची आवृत्ती हेही पाहतात. तीनशे-चारशे व्होल्टचा प्रवाह गाडीच्या सांगाड्यात कुठे झिरपत तर नाही ना, म्हणजे इन्सुलेशन शाबूत आहे ना, याचीही तपासणी होते.

उल्हास आणि वालधुनीच्या काठच्या वस्त्यांत पावसाळ्यात चाके बुडेपर्यंत पाणी साचते, तिथे ही शेवटची तपासणी फार मोलाची. बॅटरीच्या पेटीला सहसा ‘आयपी ६७’ दर्जा असतो. त्याचा अर्थ प्रयोगशाळेत एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवल्यावर आत पाणी गेले नाही, एवढाच. पाच वर्षे खडीवर आदळलेल्या, सील जुने झालेल्या पेटीला तो दर्जा आपोआप लागू राहत नाही. पाण्यातून गेलेली गाडी वर्ष पुरे व्हायची वाट न पाहता दाखवून घ्यावी.

पण हे सगळे झाले तरी प्रश्न उरतोच. वरच्या यादीत ‘बिघाड आहे का’ याचे उत्तर आहे. ‘क्षमता किती उरली’ याचे नाही. डॉक्टरने नाडी पाहून ‘ठीक आहे’ म्हणणे आणि प्रयोगशाळेने हिमोग्लोबिनचा आकडा देणे, यांत जो फरक आहे तोच इथे आहे. पहिली तपासणी, दुसरी मोजणी. कंपनीला हमीच्या दृष्टीने तपासणी पुरते. मालकाला मोजणी हवी असते. एकाच ओळीत दोघांना आपापला अर्थ दिसतो आणि गैरसमज तिथे सुरू होतो.

चार मालक

डोंबिवली पूर्वेतल्या एका निवृत्त बँक कर्मचाऱ्यांनी मला तीन वर्षांच्या तीन पावत्या दाखवल्या. तिन्हींवर तीच ओळ, तोच शब्द. चाळीस वर्षे ताळेबंद जुळवलेल्या माणसाला ‘ओके’ हा आकडा वाटेना. त्यांनी काउंटरवर टक्केवारी विचारली. ‘काका, प्रॉब्लेम असता तर सिस्टीमने दाखवला असता,’ असे उत्तर मिळाले. ते म्हणाले, ‘पासबुकात शिल्लक लिहायच्या ऐवजी “खाते सुस्थितीत” असे लिहिले असते, तर चालले असते का?’

घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या एका शिक्षक दांपत्याला आकडा मिळाला. पहिल्या वर्षी ९६ टक्के, दुसऱ्या वर्षी ९७. आधी दोघांना आनंद झाला, मग शंका आली. बॅटरी वापरल्याने वाढते की काय? सर्व्हिस सेंटरमध्ये कोणी समजावून सांगितले नाही, म्हणून त्यांचा पहिल्या आकड्यावरचाही विश्वास उडाला. खरे तर त्यात लबाडी असण्याचे कारण नव्हते. ते का, हे पुढे पाहू.

कल्याण पश्चिमेतला एक चालक गाडी विमानतळाच्या भाड्यासाठी चालवतो. दिवसाला दोनदा फास्ट चार्जिंग. वार्षिक तपासणीत ‘ओके’ आल्यावर दोन महिन्यांतच गाडी चढावर दम टाकू लागली. शिल्लक ३५ टक्के दिसत असताना आकडा एकदम १८ वर यायचा. बॅटरीतला एक भाग कमजोर झाला होता. तो हमीत बदलून मिळाला, पण गाडी कित्येक आठवडे उभी राहिली आणि हप्ते चालूच होते. काम झाले, ते त्याने मोबाइलवर काढून ठेवलेल्या डॅशबोर्डच्या तारीखवार फोटोंमुळे. ‘तोंडी सांगितले असते तर ड्रायव्हिंग सुधारा म्हणाले असते,’ असे तो म्हणतो.

चौथ्या बाई कळव्यात राहतात, रुग्णालयात परिचारिका आहेत. त्यांना चार वर्षे वापरलेली गाडी घ्यायची होती. विकणारा म्हणाला, बॅटरी नव्यासारखी. पुरावा काय, तर पावतीवरची ती ओळ. टायरची नक्षी, इंजिनाचा आवाज, सायलेन्सरचा धूर यांवरून जुनी गाडी पारखणारा ओळखीचा मेकॅनिक इथे काहीच सांगू शकला नाही. त्यांनी काय केले, ते शेवटी सांगतो.

पिवळी ज्योत दिसत नाही

क्षमता मोजणे अवघड का आहे, हे समजायला स्वयंपाकघरातले सिलिंडर आठवावे. आत द्रवरूप गॅस आहे तोवर दाब जवळजवळ सारखाच राहतो. म्हणून शेगडीची ज्योत पाहून सिलिंडर अर्धे आहे की पाव, हे कळत नाही. कळते ते वजन केल्यावर. लिथियम-लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीचे असेच असते. नेक्सॉन ईव्हीपासून आपल्याकडच्या अनेक गाड्यांत हीच बॅटरी आहे. चार्ज ८० टक्के असो की ४०, सेलचे व्होल्टेज ३.२ च्या आसपास रेंगाळत राहते. व्होल्टेजवरून शिल्लक ओळखणे त्यामुळे कठीण. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारात व्होल्टेज उतरत जाते, तिथे अंदाज बांधणे तुलनेने सोपे.

मग गाडीचा संगणक जमाखर्चाची वही ठेवतो. आत किती प्रवाह आला, बाहेर किती गेला, हे क्षणाक्षणाला मांडतो आणि शिल्लक काढतो. वहीत रोज चार-आठ आण्यांची चूक राहिली, की महिन्याने ताळा बसत नाही. तसेच इथे होते. बॅटरी पूर्ण १०० टक्के भरली, की संगणकाला एक पक्की खूण मिळते आणि तो हिशेब जुळवून घेतो. लोह-फॉस्फेट बॅटरी अधूनमधून पूर्ण भरा, असे पुस्तिकेत लिहिलेले असते, त्यामागे हे एक कारण. शिक्षक दांपत्याच्या ९६ चे ९७ झाले, ते बहुधा यामुळेच. बॅटरी वाढली नाही, अंदाज बदलला. या आकड्यात दोन-तीन टक्के इकडेतिकडे होणारच.

दुसरी गोष्ट, बॅटरी म्हणजे एक पिंप नव्हे. ३२० व्होल्ट मिळवायला लोह-फॉस्फेटचे शंभर सेल एकापुढे एक जोडावे लागतात. त्यांतला सर्वात कमजोर सेल रिकामा झाला, की बाकीच्यांत वीज असली तरी गाडीला थांबावे लागते. चढावर जास्त प्रवाह खेचला, की हा कमजोर सेल उघडा पडतो. कल्याणच्या चालकाला जे दिसले ते हेच. सपाट रस्त्यावर गुण्यागोविंदाने चालणारी गाडी कसारा घाटात टक्के झपाट्याने गमावू लागली, तर ती खूण लिहून ठेवावी. सर्वात सशक्त आणि सर्वात अशक्त सेलच्या व्होल्टेजमधला फरक सर्व्हिस सेंटरच्या यंत्रात दिसतो. तो विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे.

तिसरी गोष्ट, घट सरळ रेषेत होत नाही. नव्या सेलमध्ये सुरुवातीला आत एक पातळ थर तयार होतो आणि थोडे लिथियम त्यात कायमचे अडकते. म्हणून पहिल्या वर्ष-दोन वर्षांत घट जरा जास्त दिसते, मग वेग मंदावतो. पहिल्या वर्षी चार टक्के गेले म्हणून दहा वर्षांत चाळीस जातील, हा त्रैराशिकाचा हिशेब इथे लागत नाही. उष्णता मात्र सतत आपले काम करत राहते. भर उन्हात, शंभर टक्के भरलेली गाडी दिवसेंदिवस उभी ठेवणे बॅटरीला मानवत नाही. इमारतीखालच्या स्टिल्टमधली सावली आणि पंधरा अँपियरच्या प्लगवरचे रात्रीचे संथ चार्जिंग तिला मानवते. या बाबतीत मध्यमवर्गीय काटकसर आणि बॅटरीचे हित यांची दिशा एकच आहे.

अंतर म्हणजे क्षमता नव्हे

‘पूर्वी २२० किलोमीटर जायची, आता १८० जाते, बॅटरी गेली,’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले. पण अंतरात बॅटरीखेरीज बरेच काही मिसळलेले असते. शिळफाट्याला दीड तास अडकलात आणि वातानुकूलन एक-दीड किलोवॅटने चालू राहिले, तर दोन युनिट उभ्या जागी खर्च झाली. एका युनिटात सहा-सात किलोमीटर धरले, तरी बारा-चौदा किलोमीटर गेले. टायरमधली हवा कमी, टायर बदलून दुसऱ्या प्रकारचे बसवले, द्रुतगती मार्गावर शंभरच्या वर वेग ठेवला, तरी अंतर घटते. बॅटरी होती तशीच असते.

हा गोंधळ न्यायालयापर्यंतही गेला आहे. नेक्सॉन ईव्ही २०२० च्या जानेवारीत बाजारात आली, तेव्हा ३०.२ युनिटच्या बॅटरीवर पुण्याच्या एआरएआय संस्थेने प्रमाणित केलेले अंतर ३१२ किलोमीटर होते. प्रमाणित अंतर ठरावीक वेगाच्या ठरावीक चक्रावर मोजतात. रस्त्यावर ते मिळत नाही. तक्रारीवरून दिल्ली सरकारने २०२१ च्या मार्चमध्ये या गाडीचे अनुदान तात्पुरते थांबवले. कंपनी उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. कोण बरोबर, हा इथे मुद्दा नाही. अंतर हे माप म्हणून धरले, की दोन्ही बाजूंना आपापला आकडा खरा वाटतो आणि वाद मिटत नाही. म्हणून मोजायचे ते अंतर नव्हे, युनिट.

ॲरिझोनातली बारा मोटारी

मालकांनीच मोजायचे ठरवले तर काय होते, याचे एक जुने उदाहरण आहे. निसानची ‘लीफ’ ही गाडी २०१० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत आली. तिच्या बॅटरीला द्रवाने थंड करण्याची सोय नव्हती. डॅशबोर्डवर क्षमतेच्या बारा पट्ट्या होत्या. २०१२ च्या उन्हाळ्यात ॲरिझोना राज्यातल्या मालकांच्या गाड्यांच्या पट्ट्या दीड-दोन वर्षांतच विझू लागल्या. कंपनी आणि मालक यांच्यात वाद सुरू झाला. त्या सप्टेंबरमध्ये मालकांनी बारा गाड्या एकत्र आणल्या, त्या रात्रीच्या वेळी एकाच मार्गावर, एकाच वेगाने, पूर्ण भरल्यापासून संपेपर्यंत चालवल्या आणि नोंदी जाहीर केल्या. कंपनीनेही आपल्या चाचणी मैदानावर काही गाड्या नेऊन तपासल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने क्षमतेची हमी आकड्यात दिली : पाच वर्षे किंवा साठ हजार मैलांच्या आत बारापैकी नऊपेक्षा कमी पट्ट्या उरल्या, तर दुरुस्ती किंवा बदल.

याच गाडीच्या मालकांना वार्षिक तपासणीनंतर एक छापील अहवालही मिळत असे. फास्ट चार्जिंग किती वेळा, भरलेली गाडी किती काळ उभी, अशा सवयींना त्यात ताऱ्यांमध्ये गुण दिलेले असत. मालकाच्या वागणुकीचे प्रगतिपुस्तक मिळे. बॅटरीच्या प्रकृतीचा थेट आकडा मात्र तेव्हाही हाती येत नसे. तक्रार आपल्याकडची एकट्याची नाही. शिकण्यासारखे आहे ते बारा जणांनी एकाच पद्धतीने मोजले, हे. एकट्याच्या तक्रारीला ‘तुमची चालवण्याची पद्धत’ हे उत्तर देता येते. बारा सारख्या नोंदींना देता येत नाही.

घरच्या मीटरवर

मोजणीसाठी आपल्याला रात्रभर मोटारी पळवायची गरज नाही. पार्किंगमध्ये चार्जिंगसाठी स्वतंत्र मीटर किंवा सब-मीटर असेल, तर प्रयोगशाळा तयारच आहे. पद्धत अशी :

गाडी डॅशबोर्डवर २० टक्के दिसेपर्यंत वापरा. तासभर थांबू द्या. मीटरचा आकडा लिहा. नेहमीच्या घरच्या चार्जरवर, वातानुकूलन बंद ठेवून, १०० टक्क्यांपर्यंत भरा. १०० दिसल्यावरही चार्जिंग आपोआप थांबेपर्यंत प्लग काढू नका; शेवटी सेल एकसारखे करण्याचे काम चालते. पुन्हा मीटरचा आकडा लिहा. वजाबाकी करा.

समजा, पहिल्या वर्षी २७.५ युनिट लागले आणि तिसऱ्या वर्षी, त्याच हवामानात, त्याच चार्जरवर २४.५. तर २४.५ भागिले २७.५ म्हणजे ०.८९. बॅटरी मूळच्या सुमारे ८९ टक्के उरली. चार्जिंग करताना दहा-पंधरा टक्के वीज उष्णतेत जाते आणि कंपनी थोडी क्षमता राखीव ठेवते, पण दोन्ही वेळा हे जवळजवळ सारखेच असल्याने भागाकारात त्यांचा त्रास होत नाही. एका मोजणीवर विसंबू नये; आठवड्याच्या अंतराने दोनदा करून सरासरी घ्यावी.

ज्यांच्या इमारतीत पार्किंगच नाही, आणि जुन्या डोंबिवलीत असे पुष्कळ आहेत, त्यांना सार्वजनिक चार्जरची पावती उपयोगी पडते; तीवरही युनिट असतात. फक्त घरचा आकडा आणि फास्ट चार्जरचा आकडा एकमेकांत मिसळू नयेत, कारण दोन्हींत वीज वाया जाण्याचे प्रमाण वेगळे आहे.

आणखी एक सूचना. ‘गाडी सुरूच होत नाही, बॅटरी गेली’ असा फोन आला, तर घाबरण्याआधी बारा व्होल्टची छोटी बॅटरी पाहावी. दिवे, कुलपे आणि मोठ्या बॅटरीला जोडणारा स्विच या छोट्या बॅटरीवर चालतात. ती बसली, की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी मुकी होते.

साक्षीदार कोण

घरची मोजणी मालकाला सावध करते. पण विकत घेणाऱ्याने तिच्यावर का विश्वास ठेवावा? तिथे साक्षीदार लागतो. जगात त्या दिशेने पावले पडली आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर २०२२ च्या मार्चमध्ये बॅटरीच्या टिकाऊपणाचा जागतिक तांत्रिक नियम मंजूर झाला. त्यानुसार मोटारीच्या बॅटरीत पाच वर्षे किंवा एक लाख किलोमीटरपर्यंत किमान ८० टक्के, आणि आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत किमान ७० टक्के ऊर्जाक्षमता उरली पाहिजे. आणि गाडीने स्वतः दाखवलेला आकडा खरा आहे का, हेही पडताळले पाहिजे. कॅलिफोर्नियाने २०२६ च्या मॉडेलपासून हा आकडा चालकाला दिसलाच पाहिजे, असे ठरवले. युरोपात २०२७ च्या फेब्रुवारीपासून प्रत्येक वाहन-बॅटरीला डिजिटल पासपोर्ट लागेल.

आपल्याकडे २०२२ मध्ये दुचाकींना आगी लागल्यावर एआयएस १५६ आणि मोटारींसाठीचे एआयएस ०३८ ही मानके कडक झाली. ती सुरक्षिततेची आहेत आणि आवश्यकच होती. पण आग लागणार नाही याची खात्री आणि क्षमता उरली आहे याची खात्री, या दोन वेगळ्या गोष्टी. ज्या करारातून तो जागतिक नियम आला, त्याचा भारत सदस्य आहे. त्यामुळे कल्पना परकी नाही.

तोवर ग्राहकाच्या हातात काय आहे? पहिले, वॉरंटीची पुस्तिका. तिच्यात क्षमतेची मर्यादा टक्क्यांत लिहिली आहे, की फक्त उत्पादनातील दोषाचा उल्लेख आहे, हे शोधावे. आठ वर्षांची हमी या शब्दांचा अर्थ त्या एका वाक्यावर ठरतो. दुसरे, लेखी मागणी. सर्व्हिसिंगला गाडी देतानाच जॉब कार्डवर लिहून घ्यावे : शिल्लक क्षमतेची टक्केवारी, सेलमधला सर्वाधिक व्होल्टेज-फरक आणि इन्सुलेशनची नोंद द्यावी. नंतर काउंटरवर तोंडी विचारण्याला किंमत नसते. नकार मिळाला, तर तोही लेखी असावा. तिसरे, ग्राहक आयोग. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते आणि दोषाचा प्रश्न तांत्रिक असेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. पण घट कधी सुरू झाली, हे दाखवायला तारीखवार नोंदी लागतात. नोंद नसेल, तर दोन वर्षे कधीपासून मोजायची, इथेच अडते.

कंपन्यांची बाजूही समजून घ्यावी. आकडा अंदाजी असतो. दोन टक्क्यांच्या चढउतारावर रोज भांडणे होतील, अशी भीती त्यांना वाटते, आणि ती अगदीच खोटी नाही. पण हवामान खाते आणि डॉक्टरही अंदाजाचेच आकडे देतात. आकड्यासोबत त्याची मर्यादा सांगितली, की लोक समजून घेतात. न दिलेल्या आकड्यामुळे जो अविश्वास वाढतो, तो दोन टक्क्यांपेक्षा महाग पडतो.

दुसरा मालक

या साऱ्याची खरी झळ पहिल्या मालकाला लागणार नाही. अलीकडे काही कंपन्या बॅटरीवर ‘आजीवन’ हमी देऊ लागल्या आहेत. पण ती पहिल्या मालकापुरती. गाडी विकली, की हमी ठरावीक वर्षे आणि किलोमीटर यांवर येते. २०२० मध्ये घेतलेल्या पहिल्या गाड्यांची आठ वर्षे २०२८ मध्ये संपतील. त्यानंतर त्या चार-पाच लाखांत विकायला येतील आणि घेणारे असतील रिक्षा सोडून टॅक्सी घेऊ पाहणारे, पहिलीच चारचाकी घेणारे, कर्ज काढून धंद्याला लावणारे. नव्या गाडीच्या ग्राहकापेक्षा ज्याला चूक परवडत नाही, त्याच्याच हातात बिनआकड्याची बॅटरी पडणार आहे.

कळव्याच्या त्या बाईंनी ‘नव्यासारखी’ हा शब्द मान्य केला नाही. त्यांनी विकणाऱ्याला सांगितले, गाडी एक रात्र तुमच्याच पार्किंगमध्ये, तुमच्याच मीटरवर, माझ्यासमोर भरू. विसापासून शंभरपर्यंत. आधीची नोंद नसल्याने नेमका भागाकार करता आला नाही. पण त्याच मॉडेलची कमी चाललेली गाडी असलेल्या सहकाऱ्याच्या घरी त्यांनी तीच मोजणी केली आणि दोन आकडे शेजारी ठेवले. फरक होता. त्यावर किंमत ठरली, गाडी घेतली, आणि आज त्या वर्षातून दोनदा आकडा लिहितात. उद्या त्यांच्याकडून घेणाऱ्याला निदान त्या तरी वही दाखवू शकतील.

आपल्याकडे बरेच जण गाडी दसऱ्याला किंवा पाडव्याला घरी आणतात, त्यामुळे तिची वार्षिक तपासणीही दिवाळीच्या आसपासच येते. पाऊस संपलेला असतो, मोजणीसाठी दर वर्षी साधारण सारखे हवामान मिळते आणि पाडव्याला नवी वही उघडण्याची आपली रीतही आहे. त्या वहीच्या एका पानावर तारीख, किलोमीटर, सुरुवातीचा टक्का, शेवटचा टक्का आणि लागलेली युनिट, एवढे पाच रकाने आखावेत. सोसायटीत अशा गाड्या सहा असतील, तर सहा पाने एकत्र ठेवावीत. काट्यावर शिक्का मारणारा निरीक्षक येईपर्यंत आपला काटा आपणच तपासत राहायला हवा.